त्याला काय धाड भरल्ये!

परवा दुपारी वाळत घातलेले पापड उचलायला मागच्या डेकवर गेले आणि हात सहज भिंतीला टेकला. खरखरीत, उंचसखल, उन्हानं कोमट. मॅसॅच्युसेट्समधलं हे घर घेतलं तेव्हा बाहेरच्या सीडरच्या शिंगल्स, म्हणजे भिंतीवर ठोकलेल्या पातळ लाकडी फळ्या, नव्या होत्या, ताज्या गुळासारख्या. आता दक्षिणेची भिंत पार राखाडी झालीये. उत्तरेची अजून पिवळट.

नवऱ्याला रंगाऱ्याला बोलवायचंय. तिकडे समुद्रकाठी केप कॉडला लोक मुद्दामच काही लावत नाहीत, घरं चंदेरी होऊ देतात, हे मी त्याला दरवर्षी ऐकवते. लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन ऊन फोडतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर पांढुरके तंतू उरतात. सीडरसारखं मऊ लाकूड उघड्यावर १०० वर्षांत झिजणार ते फार तर १२ मिलिमीटर. "तोवर आपण असणार आहोत का?" हा माझा हुकमी मुद्दा.

आजोळी गणपतीच्या आधी पुढच्या दाराला बेलतेल मिळायचं. मामा जुन्या धोतराच्या बोळ्यानं चोळचोळ चोळायचे. मागच्या दाराला मात्र कुणी थेंब दाखवला नाही. फणसाचं दार. आतून मधासारखं, बाहेरून चुलीतल्या राखेच्या रंगाचं. पावसात काळंठिक्कर व्हायचं, दोन दिवस उघडीप मिळाली की पुन्हा पांढुरकं. मऊ भाग झिजून त्याच्या रेषा वर आल्या होत्या. त्यांवर कागद धरून पेन्सिल घासली की नद्याच नद्या उमटायच्या. भूगोलाच्या वहीत मी त्यातली एक वाशिष्ठी म्हणून खपवलीही होती.

"ह्यालापण तेल लावूया?" विचारलं की आजी म्हणायची, "त्याला काय धाड भरल्ये!" आणि आपले हात त्यालाच पुसून विहिरीकडे जायची. खोबरेलाचे, नारळ खवलेले, कधी माशांचे. कडीभोवती वीतभर जागा काळी तुकतुकीत झाली होती. म्हणजे काहीच लावलं नव्हतं, असंही म्हणता येणार नाही. हे मला परवा, भिंतीला हात टेकून उभी असताना सुचलं. आता नवऱ्याशी वाद घालताना कुठल्या तोंडानं बोलू?

उत्तरेच्या भिंतीला खाली हिरवट धरायला लागलंय. त्याला अजून दिसलेलं नाही. पापड मात्र कडकडीत वाळले होते.