गुडघा, एसीआर आणि पर्मनंट कमिशन

लष्करातून निवृत्त होऊन मुलुंडला राहायला आल्यापासून नात्यातल्या, सोसायटीतल्या पोरी भेटायला येतात. एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीत, काय विचारतात, उंची किती लागते, चष्मा चालतो का? सगळे प्रश्न आत शिरण्याचे. आत शिरल्यावर पुढे काय, हे एकीनेही विचारलेलं आठवत नाही. म्हणून त्या पुढच्या भागाबद्दल लिहिते. पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची पक्की नोकरी, आम्ही जिला नुसतं पीसी म्हणतो, ते माझ्या पदरात कसं पडलं त्याबद्दल.

आधी हिशोब, कारण सगळी गोम त्यातच आहे. डॉक्टर आणि नर्स सोडून बाकीच्या शाखांत बायकांना अधिकारी म्हणून घ्यायचं १९९२ साली ठरलं, तेही पाच वर्षांपुरतं. पुढे मुदत वाढत वाढत चौदा वर्षांवर गेली. शॉर्ट सर्व्हिसच्या, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीतल्या, पुरुष अधिकाऱ्याला मधल्या टप्प्यावर पीसीसाठी अर्ज करता यायचा, आम्हाला नाही. आणि अधिकाऱ्याच्या पेन्शनला वीस वर्षं लागतात. म्हणजे चौदा भरली की ग्रॅच्युइटी घ्यायची, सलाम ठोकायचा आणि ऐन छत्तिशीत नोकरी डॉट कॉमवर खातं उघडायचं. २००८ मध्ये कायदा आणि शिक्षण या दोन शाखांतल्या बायकांना पीसी खुलं झालं. मी आर्मी सर्व्हिस कोअरची, म्हणजे राशन, इंधन आणि गाड्यांवाली. आमच्यासाठी दार बंदच.

माझं कमिशन २००४ चं, चेन्नईच्या ओटीएमधून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण अकादमीतून. बाबा गिरणीत होते, घर लालबागच्या चाळीत. आईला ही शॉर्ट सर्व्हिसची भानगड कधी पटली नाही. २०१८ मध्ये माझी चौदा वर्षं भरली तेव्हा तिने फोनवर सरळ विचारलं, "रामाचासुद्धा वनवास चौदा वर्षांनी संपला. तुझं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तेव्हा आम्हाला घरीही पाठवत नव्हते आणि पक्कंही करत नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्येच बायकांच्या बाजूने निकाल दिला होता. सरकार अपिलात गेलं, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही, तरी अंमलबजावणी काही झाली नाही. प्रकरण कोर्टात, म्हणून आम्ही नोकरीत.

असं लटकून राहणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही. आम्ही खारघरला फ्लॅट बघत होतो. बँकेतला मुलगा फॉर्म भरताना म्हणाला, "मॅडम, रिटायरमेंट डेट?" मी म्हटलं, कोर्टाला माहीत. तो हसला, मग मी मस्करी करत नाहीये हे कळल्यावर त्याने तो रकाना रिकामा ठेवला आणि फाइल बाजूला सरकवली. फ्लॅट राहिला तो राहिलाच.

१७ फेब्रुवारी २०२० ला निकाल आला. न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती रस्तोगी यांचं खंडपीठ. त्या वेळी माझं पोस्टिंग मुंबईत होतं, कुलाब्यात. दुपारी ऑफिसात बसून फोनवर निकालपत्र वाचलं, अख्खं. बायकांना दहाही शाखांत पीसी द्या, चौदा वर्षांच्या पुढे गेलेल्यांनाही विचारात घ्या, आणि नुसत्या ऑफिसातल्या स्टाफच्या जागा देऊन भागवू नका, कमांडचाही विचार करा. अधिकाऱ्यांत बायका जेमतेम चार टक्के आहेत हेही त्यात नोंदवलंय. काहींची कामगिरी नावानिशी दिलीय. त्यात सोफिया कुरेशी आहेत, २०१६ मध्ये पुण्याला झालेल्या बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या. २०२५ च्या मे महिन्यात त्या टीव्हीवर दिसल्या तेव्हा लोकांना नाव नवीन वाटलं. आम्हाला ते त्या निकालपत्रातून पाठ होतं.

सरकारी बाजूने एक मुद्दा असा होता, की जवान बहुतेक खेड्यातले, बाईचा हुकूम त्यांच्या पचनी पडणार नाही. कोर्टाने तो फेटाळला. मी तो वाचून दाखवला आमच्या सुभेदार साहेबांना. ते साताऱ्याकडचे, बोलायला फटकळ. म्हणाले, "मॅडम, गावाकडं आमच्या घरी आईनं सांगितल्याशिवाय बैलसुद्धा गोठ्यातनं सुटत नाही. पचनाचं आम्हाला काय सांगत्यात?"

निकाल लागला म्हणजे पीसी मिळालं असं नाही. बोर्ड, म्हणजे निवड मंडळ, व्हायचा होता. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळं थंडावलं. १ ऑगस्टला सूचना आल्या आणि महिन्याभरात कागद द्यायचे होते. ऑप्शनचा फॉर्म, शिस्तभंगाची कारवाई नसल्याचा दाखला, मेडिकल. फॉर्म सोपा आहे. खरा खेळ दोन गोष्टींवर, एसीआर आणि मेडिकल.

एसीआरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नव्या पोरींना याचं गांभीर्य कोणी सांगत नाही. वार्षिक गोपनीय अहवाल तीन पातळ्यांवर लिहिला जातो. पहिला आयओ, म्हणजे साधारणपणे तुमचा सीओ (युनिटचा प्रमुख), मग वरचे दोघे. गुण नऊपैकी. आयओचे आकडे दाखवून तुमची सही घेतात, वरच्यांचे दिसत नाहीत. आठ आकडा वाचायला छान वाटतो. पण बोर्डात दशांशावर मारामारी असते, आणि तिथे आठ आणि नऊ यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो.

माझी सहा-सात वर्षं नोकरी झाली असेल. युनिटमध्ये मी आणि एक पुरुष कॅप्टन, दोघेही शॉर्ट सर्व्हिसचे, काम बरोबरीचं. डोंगरातले कॉन्व्हॉय त्या हंगामात मी जास्त नेले होते, हे सीओंनाही मान्य होतं. सहीला बोलावलं तेव्हा त्यांनीच विषय काढला. "त्याला नऊ दिलेत. त्याचा पीसीचा बोर्ड येतोय. तुला बोर्ड नाहीच, तुला आठ पुरेत." माणूस वाईट नव्हता. मुलगी लहान असताना मला मागायच्या आधी सुट्टी देणारे हेच. त्यांच्या दृष्टीने ही काटकसर होती, नऊ जिथे कामाला येतील तिथे द्यायचे. मीही सही केली. त्या काळात तेवढ्यासाठी तक्रार करणारी कोणी माझ्या ओळखीत नव्हती, आणि करून मिळवायचं काय होतं? ज्या परीक्षेला बसायलाच बंदी, तिचे मार्क वाढवून कोण मागतं?

आता तीच परीक्षा समोर उभी राहिली, आणि त्यात मोजायचे होते ते हेच जुने एसीआर. आमच्यातल्या बहुतेकींच्या पहिल्या पाच किंवा दहा वर्षांपर्यंतचे अहवाल धरले. त्यानंतर मी लेहला जे काम केलं, जी शाबासकी मिळाली, ती हिशोबातच नाही. वर तुलना आमच्या बॅचच्या पीसी मिळालेल्या पुरुषांपैकी शेवटच्या नंबराशी. म्हणजे ज्याला सीओने बोर्डासाठी म्हणून नऊ दिले त्याच्याशी.

दुसरी गोष्ट मेडिकल. फौजेत माणसाची तब्येत शेप या इंग्रजी पाच अक्षरांत मोजतात. मन, कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे. सगळीकडे एक म्हणजे शेप-वन. २०१६ मध्ये लेहला गाडीतून उतरताना बर्फावर पाय सरकला आणि उजव्या गुडघ्याची गादी फाटली. ऑपरेशन झालं, मी चालते, पळते, पण ए या अक्षरापुढे दोन लागला तो कायमचा. लो मेडिकल कॅटेगरी.

२०२० च्या पावसाळ्यात कुलाब्यातल्या लष्करी रुग्णालयात तपासणीला गेले. सगळ्यांच्या तोंडाला दुहेरी मास्क, खुर्च्यांवर एकाआड एक फुल्या मारलेल्या. आमच्या रांगेत चाळिशीच्या आसपासच्या बायका, कोणी दोन सिझेरियनवाल्या, कोणी थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या. वजनकाट्यावर चढण्याआधी एकजण घड्याळ, पट्टा, केसातल्या पिनासुद्धा काढत होती आणि हसतही होती. ऑर्थोपेडिक सर्जनने माझा पाय वाकवला, फिरवला, उकिडवं बसायला लावलं. म्हणाला, "मॅडम, गुडघा उत्तम आहे." मग फाइलकडे बघून म्हणाला, "पण कॅटेगरी मी बदलू शकत नाही." त्याचंही बरोबर होतं. त्याने जे तपासलं ते लिहिलं.

पीसीचा निकष शेप-वन, आणि तो पुरुषांनाही तोच, असं आम्हाला सांगण्यात आलं. कागदावर खरंच आहे. फक्त पुरुष अधिकारी तो निकष पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, म्हणजे अठ्ठाविशी-तिशीत पार करतो. एकदा पीसी मिळालं की पुढे त्याचा गुडघा गेला, साखर वाढली, तरी पीसी कोणी काढून घेत नाही. माझ्याच कोर्सचा एक मित्र तेव्हा शेप-वन नव्हता आणि निवांत नोकरीत होता. मला तीच उडी मारायची होती, पण सहा ते अकरा वर्षं उशिरा आणि डोंगरातली पोस्टिंग्ज अंगावर काढून झाल्यावर.

सप्टेंबरात बोर्ड झाला, नोव्हेंबरात निकाल. ६१५ जणींचा विचार झाला होता, २७७ जणींना पीसी मिळालं. माझं अडलं मेडिकलवर. त्या रात्री नवऱ्याने काही न बोलता माझा बायोडेटा लॅपटॉपवर उघडून ठेवला. चांगल्या मनाने ठेवला, तरी मला भयंकर राग आला.

पुन्हा कोर्ट. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या बॅचला किती, कोणाला कशासाठी नाकारलं, याचे तक्ते बनायला लागले. इथे एक व्यवहारी गोष्ट सांगते. ज्यांनी दरवर्षीच्या मेडिकलच्या प्रती जपून ठेवल्या होत्या त्यांचं काम सोपं झालं. माझ्याकडे २०१४ चा, म्हणजे दहाव्या वर्षाचा कागद होता. शेप-वन, खाली सही-शिक्का. तो सापडला लालबागला, आईच्या लोखंडी कपाटात, एलआयसीच्या पावत्यांच्या खाली. तिने माझा एकही कागद कधी फेकला नव्हता.

२५ मार्च २०२१ चा निकाल मी मैत्रिणींना अजूनही वाचायला लावते. कोर्टाने म्हटलं की वरून सगळ्यांना सारखा दिसणारा नियमसुद्धा प्रत्यक्षात भेदभाव करणारा असू शकतो, आणि हा तसा आहे. आमचे एसीआर लिहिले गेले तेव्हा पीसीचा विचारच नव्हता, त्यामुळे ते बेफिकिरीने लिहिले गेले, हेही त्यात आलं. माझ्या सीओंचं ते काटकसरीचं वाक्य कोणी कोर्टात नेऊन सांगितलं की काय असं वाटलं. सांगायची गरज नव्हती, प्रत्येकीकडे तसा एक सीओ होता. निर्णय असा, की साठ टक्के गुण असतील तर पुरुषांच्या शेवटच्या नंबराशी तुलना नको, आणि मेडिकल बघायचं ते पाचव्या किंवा दहाव्या वर्षाचं.

गुण साठच्या वर होतेच. २०१४ चा कागद जोडला. जुलैत आणखी १४७ जणींना पीसी मिळालं, त्यात माझं नाव. ऑक्टोबरात अवमान याचिकेनंतर आणखी ३९ जणींना. त्या ३९ मधल्या एकीने ग्रुपवर फक्त पेढ्यांच्या बॉक्सचा फोटो टाकला होता, मजकूर काही नाही.

पीसीनंतर कर्नल. इथे मात्र माझी गाडी अडली. कर्नलच्या निवडीत ज्युनियर कमांडसारखे कोर्स आणि कंपनी कमांडचा अनुभव बघतात. पुरुषांचं ते वेळच्या वेळी झालेलं असतं. आमचं पीसीनंतर, घाईघाईत, मुलांच्या दहावी-बारावीच्या मध्ये. २०२३ च्या जानेवारीत १९९२ ते २००६ च्या बॅचच्या २४४ जणींचा १०८ जागांसाठी बोर्ड झाला. माझं नाव यादीत नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात कर्नलच्या बोर्डावरूनही सर्वोच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि वगळलेल्यांसाठी नवा बोर्ड घ्यायला सांगितलं. मुंबईत सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, तिथे जा, असंही दोघी-तिघींनी सुचवलं. मी गेले नाही. थकले होते, मुलगी बारावीला होती. वीस वर्षं भरली, पेन्शनची कागदपत्रं केली आणि २०२४ मध्ये बाहेर पडले.

कर्नलच्या त्या पहिल्या यादीत माझी एक कोर्समेट होती. तिला युनिटची कमांड मिळाली. चार्ज घेतल्यावर तिचा फोन आला, मी अभिनंदन करेपर्यंत ती मुद्द्यावर आलेली. "हिवाळ्याच्या साठ्याचा तुझा तो लेहचा तक्ता अजून आहे का गं? इथला सगळा गोंधळ आहे. आणि ऐक, माझ्याकडे एक कॅप्टन आहे, मुलगी, तिचा एसीआर लिहायचाय." मी तक्ता पाठवला. एसीआरबद्दल मात्र आम्ही तासभर बोललो.