तुम्ही विचारलंत म्हणून: लीगल, एचआर आणि मधली भीड

लग्नकार्यात, सोसायटीच्या सभेत, एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून पडलेली असतानाही मला हे विचारून झालंय. सुरुवात नेहमी एकच. "वकील ना? कोर्ट कुठलं, शिवाजीनगर?" मी सांगते की कोर्टात उभी राहत नाही, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लीगलला नोकरी करते. मग समोरचा थोडा थांबतो आणि म्हणतो, "म्हणजे एचआरने कुणाला काढायचं ठरवलं की तुम्ही ते कायद्यात बसवून देता, असंच ना?"

इतकी वर्षं मी हसून विषय बदलत आले. गेल्या महिन्यात भाच्याने विचारलं तेव्हा हसता आलं नाही. हिंजवडीतल्या त्याच्या कंपनीने त्याला मीटिंग रूममध्ये बोलावून अर्ध्या तासात राजीनाम्यावर सही घेतली होती. मजकूर आधीच छापून ठेवलेला. "मावशी, तो कागदही तुझ्यासारख्याच कुणीतरी तपासला असेल ना?"

असेल, किंवा तपासलाच नसेल. माझ्या अनुभवात दुसरी शक्यता जास्त. पण ते सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

आधी कोर्टाचं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाहीत. नोकरी धरली की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करायची. माझी तशीच आहे. काळा कोट कपाटात, डांबराच्या गोळ्यांसोबत. आमची केस लागली की बाहेरचे वकील उभे राहतात आणि मी मागच्या बाकावर फाईल सांभाळत बसते. आईला हे अजून पटलेलं नाही.

आता कामाचं. एचआर आणि आमच्यात खटके उडतात, ते कायद्याच्या अर्थावरून क्वचितच. बहुतेक वेळा ते भिडेवरून उडतात. एचआरला आणि त्याहून जास्त खात्याच्या मॅनेजरांना माणसांची भीड पडते. तोंडावर वाईट बोलवत नाही, कागदावर तर त्याहून नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती नोटिशीची थोरली बहीण आहे.

एक शुक्रवार सांगते. संध्याकाळचे पावणेसहा, खाली बस लागलेली. एचआरची मेल आली: एका इंजिनिअरचं टर्मिनेशन लेटर, कारण 'असमाधानकारक कामगिरी', वर 'फॉर युवर क्विक व्हेटिंग प्लीज', म्हणजे कायद्याच्या नजरेने पटकन तपासून द्या. मी पत्र वाचलंच नाही. त्याची पर्सनल फाईल मागवली. तीन वर्षांची अप्रेझलं: पाचपैकी चार, चार, चार. शेरा: 'टीमचा आधारस्तंभ'. शेवटचं इन्क्रिमेंट लेटर पाच महिन्यांपूर्वीचं, 'आपल्या अमूल्य योगदानाबद्दल' वगैरे. मी त्याच्या मॅनेजरला फोन लावला. ते प्रांजळपणे म्हणाले, "मॅडम, काम त्याचं पहिल्यापासूनच कच्चं आहे. पण तीन लिहिलं असतं तर बोनस गेला असता हो त्याचा. दोन लहान मुली आहेत त्याला."

म्हणजे तीन वर्षं त्याला कोणी खरं सांगितलं नाही, आणि चौथ्या वर्षी एकदम दार दाखवायचं. उद्या कोर्टात समोरचा वकील फक्त ती तीन अप्रेझलं वाचून दाखवेल आणि खाली बसेल. त्याला आणखी काही करायची गरजच नाही.

दुसरा प्रश्न मी विचारला तो पदनामाचा. ऑफर लेटरवर तो 'असिस्टंट मॅनेजर'. मी म्हटलं, पदनाम राहू द्या, तो सकाळी आल्यावर काय करतो ते सांगा. कळलं की गेज घेऊन माल तपासतो, रजिस्टर भरतो, हाताखाली कुणी नाही. कायदा हातातलं काम बघतो, व्हिजिटिंग कार्ड नाही. असा माणूस उद्या 'मी कामगार आहे' म्हणाला, तर कामगार कपातीची सगळी कलमं, महिन्याची नोटीस, पूर्ण केलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, हे सगळं आपल्या गळ्यात. एचआर पदनामं सढळ हाताने वाटतं, कारण पगारापेक्षा ती स्वस्त पडतात. त्याचा हिशोब पुढे आमच्या टेबलावर येतो.

ते पत्र त्या दिवशी गेलं नाही. बस मात्र गेली, मी रिक्षाने आले. पुढे त्याच्याशी बसून, काय चुकतंय ते तारीखवार लिहून, चार महिने काम करून घेतलं. शेवटी त्याने स्वतःच राजीनामा दिला. जाताना एचआरला म्हणाला, "हे मला पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर मी लाईन बदलली असती." याला मी आमचं यश म्हणत नाही.

भिडेचा दुसरा प्रकार गमतीचा आहे. दुसऱ्या पाळीत प्रेस शॉपमध्ये एका ऑपरेटरने सुपरवायझरला शिव्या दिल्या. आरोपपत्र लिहायला एचआरचा नवा मुलगा, नुकताच कोर्स करून आलेला. मसुद्यात लिहिलं होतं: 'आपण वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले व अर्वाच्य भाषा वापरली.' मी म्हटलं, कुठली भाषा? ज्याच्यावर आरोप ठेवायचा त्याला नेमका आरोप कळला पाहिजे. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठल्या मशीनपाशी, कुणासमोर, आणि काय शब्द. तो दुरुस्त करून घेऊन आला. तारीख, वेळ, साक्षीदार सगळं व्यवस्थित, आणि शिवीच्या जागी पहिलं अक्षर आणि पुढे तीन फुल्या.

"फुल्या काढा."

"मॅडम, लेटरहेडवर?"

"लेटरहेडवरच."

तो माझ्याच खुर्चीशेजारी बसून टाइप करत होता. कान लाल. मराठी कीबोर्डवर त्याला 'भ' सापडेना की सापडवायचाच नव्हता, देव जाणे. शेवटी मीच दाबला. पत्र मराठीतच दिलं, कारण ऑपरेटरला इंग्रजी येत नव्हतं आणि न समजणाऱ्या भाषेतलं आरोपपत्र म्हणजे चौकशी सुरू होण्याआधीच हातातून घालवल्यासारखं. निलंबनाच्या काळात पहिले 90 दिवस निम्मा निर्वाह भत्ता हेही त्या मुलाला ठाऊक नव्हतं. 'काम नाही तर पगार कसला' अशी त्याची समजूत. त्या ऑपरेटरने नंतर यूएलपी टाकली, म्हणजे अनुचित कामगार प्रथेची तक्रार. पण आरोपपत्र संदिग्ध आहे असं त्याच्या वकिलाला म्हणता आलं नाही. शब्द तिथे काळ्यावर पांढरे होते, किंवा पांढऱ्यावर काळे, जे काय असेल ते.

हीच भीड लैंगिक छळाच्या तक्रारीत आली की मात्र मला राग येतो. 'दोघांना बसवून समजावू या' ही एचआरची पहिली प्रतिक्रिया. हेतू वाईट नसतो. पण 2013 च्या कायद्यात समेट होतो तो फक्त तक्रारदार बाईनेच मागितला तर, आणि तोही पैसे देऊन नाही. चौकशी करायची ती अशा तक्रारींसाठी कंपनीत नेमलेल्या अंतर्गत समितीने, 90 दिवसांत. तिथे ना एचआरने लुडबुड करायची ना मी. दोन्ही बाजूंना वकीलही आणता येत नाही. माझं काम समितीला हव्या त्या तरतुदी काढून देणं आणि मग दार ओढून बाहेर बसणं. एकदा एचआरमधल्या एकाने तक्रारदाराचं नाव 'फक्त तिच्या टीम लीडला' सांगितलं होतं. दुपारच्या जेवणापर्यंत कँटीनला माहीत होतं. त्या दिवशी मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, फुल्या घालूनही नाही.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण प्रत्येक वेळी मीच शहाणी असते असं नाही.

आमचा एक मुलगा मोटारसायकल अपघातात गेला. तीन वर्षांची नोकरी. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतरच मिळते असं एचआरमध्ये सगळे धरून चालले होते. मृत्यू झाला तर पाच वर्षांची अट लागत नाही, हे मी सांगितलं. तिथवर ठीक. मग कागद काढले तर जुन्या फॉर्मवर नाव आईचं, आणि लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. बायको एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला, दोघींचे नातेवाईक फोनवर. मी एक पत्र केलं: सक्षम न्यायालयाकडून वारस दाखला आणल्याखेरीज शेवटचा पगार, रजेचे पैसे वगैरे काहीही अदा करता येणार नाही. कंपनी शंभर टक्के सुरक्षित.

आमच्या एचआरच्या मॅडमनी ते पत्र वाचलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली बाई, मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करते. म्हणाली, "अगं, बाविशीची पोर कोर्टाच्या पायऱ्या चढेल का? पंधरा दिवस दे मला." पत्र स्वतःच्या खणात टाकलं आणि कंपनीची गाडी घेऊन साताऱ्याकडच्या त्या गावी गेली. एकदा नाही, तीनदा. पहिल्या वेळी पैशाचा विषयच काढला नाही, नुसती बसून आली. तिसऱ्या खेपेला दोघींना समोरासमोर बसवून कुणाला किती ते ठरवून आणलं. दोघींच्या सह्या, गावातल्या दोन शहाण्या माणसांच्या साक्षी. मग मला म्हणाली, "आता हे तुझ्या भाषेत लिही." मी ते क्षतिपूर्ती बंधपत्र, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणी हक्क सांगितला तर कंपनीचं नुकसान भरून देऊ अशी हमी, वगैरे घालून नीट लिहिलं. माझं आधीचं पत्र अजून तिच्या खणात आहे. अधूनमधून काढून दाखवते.

एक गोष्ट अलीकडे बदलली आहे. 31 ऑक्टोबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पगारी नोकरीतल्या आमच्यासारख्यांना, आम्ही वकिली करत नसल्यामुळे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मधलं वकील-अशील गोपनीयतेचं संरक्षण, म्हणजे अशिलाने वकिलाला सांगितलेलं कोर्टात उघड करायला न लावण्याचं, नाही. कलम 134 मध्ये जे मिळतं ते मर्यादित. तेव्हापासून मी एचआरला एकच सांगते: मला मेल लिहिताना ती कामगार न्यायालयात मोठ्याने वाचली जाणार आहे असं समजून लिहा. पूर्वी 'याला युनियनच्या निवडणुकीआधी बाहेर काढायचंय' अशा मेली बिनधास्त यायच्या. आता मॅडम स्वतः येऊन दार लावतात. मग मी सांगते की दार लावूनही उत्तर तेच आहे, नाही.

त्यानंतर 21 नोव्हेंबर 2025 ला जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि आम्ही दोन्ही खाती आठवडाभर एकाच टेबलावर जेवलो. माणूस राजीनामा देऊन गेला तरी त्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं, हे ऐकून पेरोलचा माणूस गप्पच झाला. फुल अँड फायनलला, म्हणजे जाणाऱ्याचा शेवटचा हिशोब चुकता करायला, 45 दिवस लावायची आमची जुनी सवय. लॅपटॉप परत आला का, कँटीनची कुपनं परत आली का, यातच महिना जायचा.

तर भाच्याकडे येते. काढण्याच्या कामात आम्ही हात लावतो का? लावतो. कंपनी मला पगार देते आणि मी कंपनीच्या बाजूची आहे. यात लपवण्यासारखं काही नाही. पण आमच्याकडे माझ्या हट्टाने एक नियम झालाय: राजीनामा कंपनीच्या खोलीत लिहून घ्यायचा नाही. जो काही पर्याय द्यायचा तो लेखी द्या, माणसाला घरी जाऊ द्या, बायकोशी, आईशी, वकिलाशी बोलू द्या, निदान दोन रात्री जाऊ द्या. एचआरने कुरकुर केली, 'मग कुणी सहीच करणार नाही.' मी म्हटलं, जी सही घरी जाऊन होत नाही ती खोलीतही झालेली नसते. छापील मजकूर, बंद दार, अर्धा तास: दबाव होता हे सांगायला यापेक्षा चांगला पुरावा मीही शोधून देऊ शकणार नाही. भाच्याला मी त्याच रात्री घडलं ते वेळेनिशी लिहून कंपनीला मेल करायला लावली आणि कामगार कायद्याच्या एका चांगल्या वकिलाचा नंबर दिला. तिथल्या लीगलमधल्या कुणाला तरी माझ्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी काम लागलं असणार.

परवा माझं स्वतःचं अप्रेझल आलं. पाचपैकी चार. शेरा: 'विधी विभागाचा आधारस्तंभ'. मी कागद घेऊन सरळ मॅडमकडे गेले. म्हटलं, हे साहेबांनी मनापासून लिहिलंय की भीड पडली म्हणून?

त्यांनी चष्मा वर केला. "आधी सही कर. बस लागलीय."