बहात्तर इंचांचं पिके

सकाळी सव्वासातला कटिंग मास्तरांचा फोन आला. "सर, रात्री अंथरलेलं कापड आत गेलंय. तुम्ही येऊनच बघा."

मी तिरुपूरला एका बाइंग एजन्सीसाठी कापडाची क्वालिटी बघतो. मूळ गाव इचलकरंजी. ऑक्टोबरचा शेवट होता. आपल्याकडचा पाऊस परतलेला असतो तेव्हा तमिळनाडूत ईशान्येचा पाऊस सुरू होतो, आणि त्या रात्री तो थांबलाच नव्हता. छत्री धरून कटिंग सेक्शनला पोचलो. लांब टेबलावर चाळीस थर अंथरलेले, वर मार्करचा, म्हणजे शर्टाच्या तुकड्यांचे आकार आखलेला, कागद. आदल्या रात्री कापडाची कड टेबलावरच्या खडूच्या रेघेला लावून ठेवली होती. आता रेघ आणि कड यांच्यात पाऊण इंचाची फट दिसत होती, वरच्या थरांत तर पुरा एक इंच. मार्करच्या काठावरचा बाहीचा आकार कागदावर होता, त्याच्याखाली कापडच नव्हतं.

निटचं, म्हणजे टी-शर्टसारखं फाशांनी विणलेलं, कापड कापण्याआधी चोवीस तास मोकळं ठेवायचं असतं, ते जरा आक्रसतं, हे आम्ही सगळेच जाणतो. हे कापड मोकळं ठेवून झालं होतं. तरी एका ओल्या रात्रीत इंचभर सरकलं, म्हणजे त्याच्या अंगात कुठला तरी ताण बसलेला होता.

ऑर्डर सहा हजार पोलो शर्टांची. कापड पिके, म्हणजे पोलो शर्टाचं जाळीदार खळग्यांचं निट. वजन २४० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला २४० ग्रॅम. साधारण अठराशे किलो माल, पंचाहत्तर रोल. त्यातला पहिला हप्ता टेबलावर पडलेला. तुतिकोरीनहून सुटणाऱ्या बोटीला बारा दिवस उरले होते.

जीएसएम कटर घेतला. हे गोल कटर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापतं, काट्यावर ठेवलेल्या चकतीच्या ग्रॅमना शंभराने गुणलं की जीएसएम मिळतो. काट्याने २.२२ दाखवलं. पाच रोलांतून पाच चकत्या कापल्या, सगळ्या २.२० ते २.२४ च्या दरम्यान. सूट पाच टक्क्यांची, म्हणजे २२८ च्या खाली माल नापास. मग बायरने मंजूर केलेल्या सँपलचा तुकडा शेजारी ठेवला. सँपलवरची जाळी बारीक, खोल, मधमाशीच्या पोळ्यासारखी उठलेली. आमच्या मालाची जाळी पसरट. हाताला सपाट लागत होती.

आणि मला वाटलं, समजलं. चूक निटिंगला झालीय.

यामागे कारण होतं. त्याच बायरची आधीची ऑर्डरही "पिके"ची होती, पण ती डबल लॅकोस्टची. तिची जाळी मोठी आणि रुंद असते. त्याच मशीनवर आता सिंगल लॅकोस्ट काढायचं होतं. दोन्हींना कागदावर पिकेच म्हणतात. मशीनच्या सुयांची हालचाल ठरवणारे कॅम बदलायचे राहिले असतील तर कापड असंच पसरट दिसेल. मी थेट निटिंग युनिटला गेलो.

तिथले मास्टर साठीच्या घरातले, तीस वर्षं गोल मशीनवर काढलेली. मी त्यांना अण्णा म्हणतो. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ आणि आमच्या इचलकरंजीतही घराघरात एक अण्णा असतोच, त्यामुळे हा शब्द मला कधी परका वाटला नाही. पण त्या सकाळी माझा आवाज चढलेला होता. मशीनवर काम करणाऱ्या चार मुलांसमोर मी विचारलं, "अण्णा, कॅम बदललेच नाहीत ना?"

त्यांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. "बदलले सर. माझ्या हाताने."

"कापड तसं म्हणत नाही."

"मग कापडालाच विचारू," असं मोडक्या हिंदीत म्हणून त्यांनी खुर्ची ओढली.

इथे जरा थांबून सांगतो, कारण शर्ट विकत घेणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. माझे वडील मागावरचे. त्यांच्या लेखी कापड म्हणजे उभा धागा आणि आडवा धागा, आणि एक धागा ओढला की जे सगळं उसवतं ते कापड नव्हेच. निटमध्ये उभं-आडवं काही नसतं, एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकत जातात. आई सुयांवर स्वेटर विणते तसंच. मशीनची सुई तीन कामं करते. टाका पुरा विणते, ते निट. जुना टाका न सोडता नवा धागा नुसता पोटात धरून ठेवते, ते टक. किंवा त्या फेरीत धागा घेतच नाही, ते मिस. कोणत्या सुईने कोणत्या फेरीत काय करायचं हे कॅम ठरवतात. साध्या टी-शर्टच्या जर्सीत सगळे टाके निट. त्यात ठरावीक जागी टक घातला की धरून ठेवलेला टाका ताणला जातो, शेजारच्या ओळी बाजूला ढकलल्या जातात, कापड जाड होतं, रुंदीला वाढतं, लांबीला कमी होतं आणि खळगे उमटतात. पिकेची जाळी म्हणजे हे टकचे खळगे. ते दिसतात कापडाच्या मागच्या बाजूला, म्हणून पिकेत मागची बाजू पुढे घेऊन शर्ट शिवतात.

पिके हा फ्रेंच शब्द, अर्थ टोचलेलं. मागावरही पिके नावाचं कापड विणतात, ते वेगळंच. लॅकोस्ट हे तर टेनिसपटूचं आडनाव. रेने लाकोस्त १९२६ साली अमेरिकेतल्या स्पर्धेत असा आखूड बाहीचा शर्ट घालून खेळला, १९३३ मध्ये त्याने ते शर्ट बाजारात आणले, आणि आज तिरुपूरच्या गल्लीत त्याच्या नावाने टाका ओळखला जातो. पण नावांचा भरवसा नाही. एका युनिटमधलं सिंगल पिके दुसऱ्या युनिटमध्ये सिंगल लॅकोस्ट होतं, आणि बायर सगळ्याला पिके म्हणून मोकळा होतो. दुकानात तर याहून गोंधळ. वॉफल, ज्यात चौकोनी विहिरी असतात, ते दोन सुईपट्ट्यांच्या मशीनवर निघतं. ऑटोमनवर आडवे उंचवटे असतात. स्लबमध्ये टाका साधाच असतो, धागाच मुद्दाम कुठे जाड कुठे बारीक कातलेला असतो. हे सगळं "टेक्श्चर्ड टी-शर्ट" या एका पाटीखाली टांगलेलं दिसतं. धुतल्यावर मात्र प्रत्येकाची वागणूक निराळी.

अण्णांनी मालातला वीतभर तुकडा कापून घेतला, सर्वांत शेवटी विणलेली कड शोधली आणि दाभणाच्या टोकाने पहिला धागा मोकळा केला. मी वर भिंग धरलं. पहिली फेरी सरसर निघाली, धाग्यावर एकसारख्या नागमोडी लाटा. म्हणजे सगळे टाके निट. दुसऱ्या फेरीत लाट एकाआड एक बदलत होती, एक खोल वळण, एक उथळ बाक. उथळ बाक म्हणजे टक. तिसरी पुन्हा सगळी निट. चौथी पुन्हा एकाआड एक, पण टकची जागा एका सुईने सरकलेली. पाचवी पहिल्यासारखी. त्यांनी प्रत्येक फेरीचा धागा काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवला. चार धागे, एकाखाली एक. डबल असतं तर टकची फेरी लागोपाठ दोनदा आली असती आणि सहा फेऱ्यांनी नक्षी फिरली असती. इथे चारच. अगदी सिंगल.

मग सँपलचा छोटा तुकडा उसवला. तिथेही चारच. शंभर सुयांच्या धाग्याची लांबीही पट्टीवर मोजली, सँपल आणि माल यांत मिलिमीटरभराचाही फरक नाही. धागा तोच, टाका तोच, फाशाची लांबी तीच.

अण्णा काही बोलले नाहीत. चार मुलं ऐकत होती. माझ्या कानशिलांवर ऊन चढल्यासारखं झालं.

निटिंग बरोबर असेल तर उरतं फिनिशिंग. परत येऊन मालाच्या तुकड्यावर ५० सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि धुवायला टाकला. धुणं, वाळवणं आणि नंतर तुकडा हवेत मोकळा ठेवणं यात दुपार उलटते. तोवर काय करायचं म्हणून डाइंग युनिटला पाठवलेली जॉब स्लिप फाइलमधून काढली. रंग, जीएसएम २४०, कापड पिके, उघडी रुंदी ७८ इंच.

सँपलच्या कागदावर रुंदी ७२ होती.

वहीच्या कोपऱ्यात २४० ला ७२ ने गुणलं आणि ७८ ने भागलं. उत्तर आलं २२१.५. काट्याने सकाळी २२२ दाखवलं होतं.

स्लिपवर अक्षर माझं होतं. आधीची ऑर्डर डबल लॅकोस्ट, तिच्यात टक जास्त, म्हणून ती त्याच मशीनवर रुंद निघते, तिची रुंदी खरोखरच ७८ होती. कागदावरचं नाव तेच, जीएसएम तोच, म्हणून मी जुनी स्लिप समोर ठेवून नवी उतरवली आणि फक्त रंग बदलला. डाइंगवाल्यांनी कागदाप्रमाणे काम केलं. स्टेंटरवर कापडाच्या दोन्ही कडा पिनांत अडकवून गरम हवेतून नेतात, तिथे रुंदी हवी तेवढी ओढता येते. ७२ चं कापड त्यांनी ७८ पर्यंत ओढून वाळवलं. मार्करही माझ्या आकड्यावरून ७८ चा काढलेला. जाळीचे खळगे आडवे ताणले गेले, उथळ झाले, म्हणून हाताला सपाट लागत होते. रात्रभर पावसाची दमट हवा मिळाली तेव्हा कापड आपल्या मूळच्या जागेकडे परत निघालं होतं.

तो तुकडा संध्याकाळी हातात आला. ५० सेंटिमीटरची रुंदी ४६ झाली होती, लांबी साडेअठ्ठेचाळीस. रुंदीला आठ टक्के आक्रसला, बायरची मर्यादा पाच. जीएसएम २४९. आणि जाळी? सँपलसारखी खोल, टपोरी, उठलेली. कापडाने आपला आकार एवढा वेळ पोटात राखून ठेवला होता. तो तुकडा हातात धरून मी बराच वेळ उभा होतो. एवढ्या चुकीनंतरही मला त्या कापडाचं कौतुकच वाटत होतं. हेच शर्ट शिवून गेले असते तर पहिल्या धुण्यात घालणाऱ्याच्या पोटावर आवळले असते.

मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. साहेबांना पहिल्या वाक्यातच सांगितलं की चूक माझी आहे, निटिंगची नाही, डाइंगची नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माल वाचतोय का, ते सांगा."

वाचत होता. ओढलेलं निट पुन्हा ओलं केलं की ताण सोडतं. सगळे रोल पुन्हा ओले करून रिलॅक्स ड्रायरमधून काढायचे, तिथे कापड कुठेही अडकवलेलं नसतं, सैल पडून वाळतं. नंतर कॉम्पॅक्टरमधून, म्हणजे कापड लांबीला दाबून बसवणाऱ्या मशीनमधून, ७२ इंचांवर, वाफ देऊन. पुन्हा ओलं केल्यावर रंगाचा शेडही रोलागणिक तपासायचा. या सगळ्याला पाच दिवस आणि एजन्सीचे पैसे. टेबलावरचे चाळीस थर अजून कापलेले नव्हते, ते मास्तरांनी रात्रीत फोन न करता कापून टाकले असते तर तेही गेले असते. मार्कर नव्याने ७२ चा काढला. दर शर्टामागे कापड जास्त लागलं, ते आधीच धरायला हवं होतं.

अंधार पडल्यावर पुन्हा निटिंगला गेलो. ती चारही मुलं ड्यूटीवर असतील अशी वेळ मुद्दाम गाठली. "अण्णा, तुमचे कॅम बरोबर होते. स्लिप माझी चुकली. सकाळी सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो."

त्यांनी मान हलवली. मग ड्रॉवरमधून तो काळा पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. चार धागे तसेच चिकटलेले होते. शेजारी त्यांनी पेन्सिलीने चार आडव्या रेघा मारून टकच्या जागी छोटे कमानीसारखे बाक काढले होते. "पुढच्या स्लिपला हे लावा," ते म्हणाले. "नाव राहू द्या."

पाचव्या दिवशी कॉम्पॅक्टरमधून पहिला रोल बाहेर आला तेव्हा अण्णा स्वतः आले होते. मी चकती कापली. काटा २.४१ वर थांबला. अण्णांनी चकती काट्यावरून उचलली, अंगठा जाळीवरून दोनदा फिरवला आणि परत जागेवर ठेवली.

त्या रात्री नवा थर अंथरला गेला. पाऊस चालूच होता. सकाळी सातला, कुणाचा फोन यायच्या आत, मी टेबलाशी पट्टी घेऊन उभा होतो. कड खडूच्या रेघेवर होती.