मेळघाटातल्या लाकडी गव्हाणीला

मेळघाटातल्या एका खेड्यात लाकडी गव्हाण आहे, म्हणजे ख्रिस्तजन्माचा मूर्तींचा देखावा. तो बघायला मागच्या वर्षी १० जानेवारीला गेलो आणि हात हलवत परत आलो. ६ तारखेला तीन राजांचा सण उरकला की मूर्ती जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत जातात, हे ठाऊकच नव्हतं. यंदा २७ डिसेंबरलाच गाठलं.

अमरावतीहून परतवाडा, मग घाट चढून चिखलदरा, साधारण ८० किलोमीटर. एसटी मिळते, पण पुढच्या खेड्यांसाठी स्वतःची गाडी बरी. पेट्रोल आणि रोख पैसे परतवाड्यातच घ्या, स्वेटर विसरू नका, अंधार पडायच्या आत घाट उतरा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चर्च म्हणजे एक कौलारू खोली, वीस माणसांत भरते. चिखलदऱ्यात कुठल्याही ख्रिस्ती घरी ‘लाकडाची गव्हाण’ विचारा, वाट सांगतील.

हातभर उंचीच्या मूर्ती, सावरीच्या लाकडाच्या. लाकडावर खडू-सरसाचा पांढरा हात, त्यावर रंग. म्हणून ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, रंग निघून येतो. फोटो विचारून काढा, फ्लॅश नको.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या स्पॅनिश वस्त्यांतही हीच रीत. तिथल्या लाकडी मूर्तीला ‘बुल्तो’ म्हणतात: कॉटनवुडच्या मुळाचं लाकूड, वर जिप्सम आणि सरसाचा लेप, मग रंग. त्यांतला संत इसिद्रो शेतकऱ्यांचा. तो प्रार्थनेत रमलेला आणि बैलजोडी हाकतोय देवदूत! १५ मे हा त्याचा सण. पाऊस लांबला की त्याची मूर्ती शेतांतून फिरवायचे. आपली धोंडी काय वेगळी?

इथे देवदूत सुमारच आहे, खरं सांगतो. मारियेच्या निळ्या लुगड्याला लाल काठ छान, योसेफाच्या हातात वाकस आहे हेही आवडलं. पण नजर अडकते ती बैलावर. वशिंड किंचित डावीकडे कललेलं, गळ्याखालची पोळी सैल लोंबलेली, शिंगांना लाल रंग. आणि खांद्यावर पिवळा डाग. रंग सांडला असेल म्हणून वाकून पाहिलं, तर बोटांचे ठसे! पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात ना, त्या खांदशेकणीची हळद.

या मूर्ती घडवणारे मिस्त्रीबाबा बाहेर उन्हात बसले होते. तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी बैल करण्यात त्यांची हयात गेलेली.

“बैल बाकी जिवंत केला बाबा तुम्ही,” मी म्हटलं.

“त्याले काय लागते? डोये मिटून होते. मानसाचे हातच सादत नाई मले.”

गाढव मात्र थेट वासरासारखं झालंय. भीत भीत तेही विचारलं.

“गावात गधाच नाई ना भाऊ. पाहू कोनाले?”