ढालीवर हिरवी खूण आहे, पण डेफिनिशन कधीच्या आहेत?

घरच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस आहे का, असं विचारलं की बहुतेक जण घड्याळाशेजारची ढाल दाखवतात. ढालीवर हिरवी खूण असते आणि विषय तिथेच संपतो. अँटिव्हायरस चालू आहे आणि त्याची स्वतःची काही तक्रार नाही, एवढंच ती खूण सांगते. त्याच्याकडची व्हायरस ओळखायची यादी, म्हणजेच डेफिनिशन, आजची आहे की चार दिवसांपूर्वीची, हे तिच्यावरून कळत नाही. डेफिनिशन फार जुन्या झाल्या की पिवळा इशारा येतो खरा, पण काही दिवस उलटल्यावर. विंडोजसोबतच येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेन्डर या अँटिव्हायरसच्या नव्या डेफिनिशन मात्र दिवसातून अनेकदा निघतात. त्यामुळे ऑटोमॅटिकचं बटण चालू आहे ना, हे बघत बसण्याऐवजी आधी तारीख बघावी.

विंडोज १० किंवा ११ असेल तर स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा आणि खाली ‘प्रोटेक्शन अपडेट्स’वर क्लिक करा. तिथे तीन ओळी दिसतील. पहिल्या ओळीत व्हर्जनचा आकडा असतो. दुसरी ओळ ‘व्हर्जन क्रिएटेड ऑन’, म्हणजे ही यादी मायक्रोसॉफ्टकडे तयार कधी झाली. तिसरी ‘लास्ट अपडेट’, म्हणजे ती आपल्या कॉम्प्युटरवर आली कधी. लोक फक्त तिसरी ओळ वाचतात. दोन्ही वाचायला हव्यात. रोज चालणाऱ्या कॉम्प्युटरवर दोन्ही तारखा आजच्या किंवा फार तर कालच्या असतात. अपडेट आजचं आणि यादी मात्र आठवड्यापूर्वीची, असं दिसलं तर पेनड्राइव्हवरून किंवा दुसरीकडून जुनीच फाइल टाकली गेली असण्याची शक्यता आहे. दोन्ही तारखा जुन्या असतील तर अपडेट येतच नाहीये, आणि मग कारण शोधावं लागतं.

कारण शोधण्याआधी अपडेट कसं येतं ते थोडं समजून घेतलेलं बरं. डिफेन्डरची यादी दोन भागांत असते. ‘बेस’ ही मोठी फाइल, आणि तिच्यानंतर झालेल्या बदलांची ‘डेल्टा’ ही छोटी. नियमित अपडेट होणाऱ्या कॉम्प्युटरला बदलांपुरतंच डाउनलोड करावं लागतं, त्यामुळे ते कधी येऊन गेलं हे कळतही नाही. कॉम्प्युटर बरेच दिवस बंद राहिला की फरक वाढतो, आणि फारच वाढला तर सगळंच नव्याने उतरवावं लागतं. पूर्ण फाइल १०० एमबीच्या वर जाते. महिन्याभराने लॅपटॉप उघडला, दहा मिनिटं वापरला आणि झाकण लावलं, तर तेवढ्यात हे काम पूर्ण होईलच असं नाही. अशा वेळी लॅपटॉप चार्जरला लावून, नेट जोडून थोडा वेळ नुसता चालू राहू द्यावा आणि ‘चेक फॉर अपडेट्स’ स्वतः दाबावं. पुढची छोटी अपडेट मग आपोआप येत राहतात.

अपडेट अडण्याची जी कारणं घरोघरी सापडतात, त्यांत सगळ्यात कमी लक्ष जातं ते घड्याळाकडे. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बटणासारखा एक चपटा सेल असतो, बहुतेकदा सीआर२०३२ नंबरचा, ३ व्होल्टचा. कॉम्प्युटरचा प्लग काढला तरी तारीख आणि वेळ चालू ठेवायचं काम तो करतो. सेल संपला की प्लग काढून परत लावल्यावर तारीख थेट कित्येक वर्षं मागे जाते. अपडेटचा सर्व्हर आपली ओळख पटवायला जे सर्टिफिकेट दाखवतो त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. कॉम्प्युटरच्या लेखी अजून ती मुदत सुरूच झालेली नसते, म्हणून तो जोडणी नाकारतो. एरर कोडच्या शेवटी ८००७२एफ८एफ दिसलं तर सर्वात आधी कोपऱ्यातली तारीख बघा, आणि नुसती वेळ न बघता सालसुद्धा वाचा. घड्याळ काही मिनिटं चुकलेलं असेल तर विंडोज ते नेटवरून जुळवून घेते, पण फरक वर्षांचा असेल तर ती आपणहून दुरुस्त करेलच असा भरवसा धरू नये. ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये तारीख हाताने बरोबर करायची, मग ‘सिंक नाऊ’ दाबायचं आणि त्यानंतर अपडेट करायचं. सेल बदलला नाही तर पुढच्या वेळी हेच सगळं पुन्हा करावं लागेल.

दुसरं कारण मीटर्ड, म्हणजे डेटा मोजून वापरायचं, कनेक्शन. डेटा वाचावा म्हणून एखाद्या नेटवर्कला ‘मीटर्ड’ करून ठेवलेलं असतं आणि नंतर ते लक्षातही राहत नाही. अशा जोडणीवर विंडोज डाउनलोड रोखून धरते, आणि त्यात डेफिनिशनही अडकू शकतात. ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती खूण काढा. डेटा खरोखरच जपून वापरायचा असेल तर खूण राहू द्या आणि विंडोज अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये मीटर्ड जोडणीवरून डाउनलोड करायची परवानगी द्या. मात्र या परवानगीने विंडोजची मोठी अपडेटही सुरू होतात, हे ध्यानात ठेवा.

‘विंडोज अपडेट बंद करा, कॉम्प्युटर पळेल’ असा सल्ला ऐकून कुणी अपडेटची सर्व्हिसच, म्हणजे मागे चालणारा प्रोग्रॅमच, डिसेबल करतं. मग ८००७०४२२ हा कोड येतो. त्याचा अर्थ सर्व्हिस बंद केलेली आहे, एवढाच. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘विंडोज अपडेट’चा स्टार्टअप टाइप ‘मॅन्युअल’ करा. ८००७००७० म्हणजे डिस्क भरली. सी ड्राइव्हवर काही जीबी मोकळे केल्याशिवाय पुढे काही होणार नाही.

दोन अँटिव्हायरसचा घोळ जरा वेगळा आहे. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस टाकला की डिफेन्डर आपोआप बाजूला होतो, आणि तसंच व्हायला हवं. पंचाईत होते ती नवीन कॉम्प्युटरसोबत आलेल्या ट्रायलची मुदत संपते तेव्हा. प्रोग्रॅम दिसत राहतो, घड्याळाशेजारी चिन्हही राहतं, पण नव्या डेफिनिशन येणं थांबतं. रोज वर येणारी ‘रिन्यू करा’ची खिडकी लोक सवयीने बंद करत राहतात. विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ आहे. सध्या पहारा कोणाकडे आहे हे तिथे स्पष्ट दिसतं. मुदत संपलेला प्रोग्रॅम एकतर पैसे भरून चालू करा, नाहीतर काढून टाका. नुसतं अनइन्स्टॉल केल्यावर त्याचे अवशेष राहिले आणि डिफेन्डर जागा होईना, तर त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल वापरा आणि रीस्टार्ट करा. मुदत संपलेला अँटिव्हायरस ठेवण्यापेक्षा रोज अपडेट होणारा डिफेन्डर कितीतरी बरा, असं माझं ठाम मत आहे.

पैसे भरून घेतलेल्या अँटिव्हायरसमध्ये अपडेटच्या सेटिंग्ज एकदा उघडून वाचा. ‘डाउनलोडपूर्वी विचारा’ असा पर्याय निवडलेला असेल तर तो बदला. विचारणारी खिडकी नेमकी कामाच्या मध्ये येते आणि हात ‘नंतर’वरच जातो.

कॉम्प्युटर रोज तासभर तरी चालत असेल तर डिफेन्डरसाठी वेगळं काही करायची गरज नाही. थोड्या थोड्या वेळापुरता उघडला जाणारा कॉम्प्युटर असेल तर टास्क शेड्युलर या ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजमधल्या प्रोग्रॅममध्ये एक काम लावून ठेवावं. ‘क्रिएट टास्क’ निवडा, ‘क्रिएट बेसिक टास्क’ नको, कारण त्यात पुढचे पर्याय सुरुवातीला मिळत नाहीत. युजर म्हणून ‘सिस्टिम’ द्या, म्हणजे पासवर्ड लागत नाही आणि काळी खिडकीही उघडत नाही. ट्रिगर, म्हणजे काम कधी सुरू व्हायचं ते, दोन ठेवा. एक लॉग ऑन झाल्यावर १ मिनिट थांबून, कारण वायफाय जोडलं जायला तेवढा वेळ लागतो. दुसरा रोजचा, दर ४ तासांनी पुन्हा चालणारा. ॲक्शनमध्ये सी ड्राइव्हच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या ‘विंडोज डिफेन्डर’ फोल्डरमधली ‘एमपीसीएमडीरन’ ही फाइल ब्राउझ करून निवडा. खालच्या आर्ग्युमेंट्सच्या चौकटीत आडवी रेघ आणि तिला लागून ‘सिग्नेचरअपडेट’ हा इंग्रजी शब्द, मध्ये जागा न सोडता लिहा.

आता ‘कंडिशन्स’. इथे ‘फक्त एसी पॉवर असेल तरच चालवा’ ही टिक आधीपासून असते. लॅपटॉपवर ती काढली नाही तर बॅटरीवर असताना काम सुरूच होत नाही. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा’ या अर्थाचा पर्याय आहे, त्यावर टिक करा. ठरलेल्या वेळी कॉम्प्युटर बंद असला तरी उघडल्यावर काम होतं ते या टिकमुळे. सगळं जतन झाल्यावर कामावर राइट क्लिक करून ‘रन’ म्हणा आणि ‘लास्ट रन रिझल्ट’ बघा. शून्य आलं तर झालं. २ आलं तर एकतर अपडेट फसलं आहे किंवा फाइलचा पत्ता चुकला आहे.

अपडेटचा रोजचा हिशोब बघायचा असेल तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही विंडोजची नोंदवही उघडा. ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘विंडोज’, त्यात ‘विंडोज डिफेन्डर’ आणि शेवटी ‘ऑपरेशनल’. फिल्टरमध्ये २००० आणि २००१ हे दोन आकडे स्वल्पविराम देऊन टाका. २००० म्हणजे अपडेट झालं, २००१ म्हणजे फसलं. यादीत २००१ एखादा असेल तर सोडून द्या, नेट गेलेलं असेल. २००१ ची रांगच लागलेली असेल आणि मध्ये एकही २००० नसेल, तर नोंदीवर क्लिक करा, एरर कोड तिथेच लिहिलेला असतो.

नेट व्यवस्थित, घड्याळ बरोबर, डिस्कमध्ये जागा, बाकी सगळ्या वेबसाइट उघडतात आणि फक्त अँटिव्हायरस कंपन्यांच्याच उघडत नाहीत, असं असेल तर सावध व्हा. काही व्हायरस आत शिरल्यावर पहिल्यांदा अपडेटचीच वाट अडवतात. २००८ मध्ये पसरलेला कॉन्फिकर हेच करायचा. सुरक्षा कंपन्यांच्या नावाचा पत्ता शोधायला गेलं की तो मध्येच अडवायचा. अशा वेळी ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून मायक्रोसॉफ्ट डिफेन्डरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आत तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. उघडी कामं आधी सेव्ह करा.

अपडेटमुळेच बिघाड होतो, म्हणून ऑटोमॅटिक नको, असंही काही जण म्हणतात. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या ५९५८ क्रमांकाच्या डेफिनिशनने विंडोज एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही मूळ फाइलच व्हायरस समजून काढली, आणि कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. पण अशी चूक क्वचित होते आणि कंपनी ती लगेच सुधारते. सुधारलेली डेफिनिशनही ऑटोमॅटिक अपडेटमधूनच येते. घरच्या कॉम्प्युटरवर हाताने अपडेट करायचं ठरवलं तर ते महिनोन्‌महिने राहून जातं, आणि हा धोका कितीतरी मोठा आहे.

आयकार ही चाचणीची फाइल बऱ्याच जणांना माहीत असते. ६८ बाइटचा निरुपद्रवी मजकूर, जो पाहून प्रत्येक अँटिव्हायरस ओरडतो. त्याने पहारा जागा आहे हे कळतं. डेफिनिशन ताज्या आहेत का हे मात्र कळत नाही, कारण ती ओळख वर्षानुवर्षं जुन्या यादीतही आहे.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा सपोर्ट संपला, तरी डिफेन्डरच्या डेफिनिशन ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. त्यामुळे वर सांगितलेल्या तारखा ताज्या दिसत राहतील. पण डेफिनिशन आत आलेला चोर ओळखतात, खिडकीची मोडलेली कडी बसवत नाहीत. ते काम विंडोजच्या स्वतःच्या अपडेटचं आहे.

लिनक्सवर क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस असेल तर डेफिनिशन आणण्याचं काम त्याचा फ्रेशक्लॅम हा प्रोग्रॅम करतो, आणि बहुतेक ठिकाणी तो सर्व्हिस म्हणून मागे चालूच असतो. तो चालू असताना टर्मिनलवर पुन्हा ‘फ्रेशक्लॅम’ चालवलं की लॉग फाइल लॉक करता आली नाही अशी एरर येते. लोक घाबरतात, पण ही चांगली खूण आहे, सर्व्हिस काम करतेय. दर काही मिनिटांनी हाताने डाउनलोड करू नका. सर्व्हर काही वेळासाठी आपल्याला थांबवून ठेवतो आणि खरं अपडेटही मग लांबतं. क्लॅमएव्हीचं फार जुनं व्हर्जन असेल तर त्याला डेफिनिशन देणंच बंद केलं जातं, म्हणून मूळ प्रोग्रॅमही वेळच्या वेळी अपडेट करा. मॅकवर एक्सप्रोटेक्ट हा ॲपलचा पहारेकरी आत असतोच. ‘सॉफ्टवेअर अपडेट’शेजारच्या माहितीच्या चिन्हात सिस्टिम फाइल्स आणि सिक्युरिटीचा जो पर्याय आहे, तो चालू ठेवला की झालं.

ज्या कॉम्प्युटरला नेटच नाही, त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या साइटवर ‘एमपीएएम-एफई’ नावाची पूर्ण फाइल मिळते. ३२ बिट, ६४ बिट आणि एआरएम अशा वेगवेगळ्या असतात, आपल्या विंडोजची बघून घ्यावी. ती पेनड्राइव्हवर न्या, डबल क्लिक करा. खिडकी वगैरे काही उघडत नाही, मिनिटभर थांबून ‘व्हर्जन क्रिएटेड ऑन’ची तारीख बदलली का ते बघा. पुढच्या खेपेला मागची फाइल पुसून नवी उतरवून न्या, आणि पेनड्राइव्ह दर वेळी आधी नेट असलेल्या कॉम्प्युटरवर स्कॅन करून घ्या. नेट नसलेल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस येतो तो बहुतेकदा त्याच पेनड्राइव्हवरून.