पिन एकीकडे, पियानो दुसरीकडे

मी पियानो ट्यून करतो. कार्यक्रमाच्या दिवशी ट्यूनरला कागदावर दोन तास मिळतात, प्रत्यक्षात त्यातच लाइटवाले शिड्या सरकवत असतात आणि कोणीतरी माईकवर हॅलो हॅलो करत असतं, जरा शांत राहा म्हटलं तर नखरे करतोय असं बघतात. त्या दिवशी मात्र तेही दोन तास मिळाले नाहीत.

शहर पूर्ण अनोळखी. आयोजकांनी फोनवर पाठवलेल्या नकाशातल्या पिनवर बरोबर पोचलो तर तिथे संस्थेचं ऑफिस. वॉचमन म्हणाला, "साहेब, इथे फक्त कागदपत्रं असतात, हॉल रेल्वे लाइनच्या पलीकडे." नाव एकच, जागा दोन, आणि हे कुणाला सांगावंसं वाटलं नाही. रिक्षा, टॅक्सी काही मिळेना म्हणून चालत निघालो, तर मध्ये काचेच्या उंच इमारती लागल्या. जीपीएस उपग्रहांकडून सिग्नल यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतं, तो सिग्नल इमारतींवर आपटून लांबच्या वाटेने आला की हिशोब चुकतो आणि निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. मी एका रस्त्यावर, फोनच्या मते मी दुसऱ्याच, आणि तो दर मिनिटाला मागे वळा म्हणतोय. खांद्याला हत्यारांची बॅग, ती काय हलकी नसते.

लोकांना विचारलं. "माहीत नाही" म्हणायला माणसाला इतका कमीपणा का वाटतो हे मला कळत नाही. एकाने ठामपणे डावीकडे पाठवलं, तिथल्याने तितक्याच ठामपणे परत. आयोजकांच्या माणसाने शेवटी फोन उचलला आणि म्हणाला, "अहो समोरच आहे, एवढी मोठी बिल्डिंग दिसत नाही का?" बिल्डिंग दिसत होती हो, पुढचं गेट बंद होतं. कलाकारांचा, सामानाचा दरवाजा मागे असतो, आणि पत्ता देणारा कायम प्रेक्षकांचा दरवाजा सांगतो, कारण तो स्वतः तिथूनच आत जातो. पूर्ण वळसा घालून मागे गेलो.

स्टेजवर पोचलो तेव्हा रिहर्सलला पाऊण तास उरलेला. ऑर्केस्ट्राचं पत्र होतं की मधला ए, म्हणजे ज्या सुरावर सगळी वाद्यं जुळवतात तो, ४४२ हर्ट्झला (सेकंदाला ४४२ कंपनं) हवा. पियानो उभा होता ४४० ला. मॅनेजर म्हणाला, "दोनच तर हर्ट्झ आहेत, टाका चढवून." आता याला काय सांगायचं. पट्ट्या ८८, पण तारा सव्वादोनशेच्या आसपास, वरच्या बहुतेक सुरांना तीन-तीन, आणि सगळ्यांचा ताण मिळून १५ ते २० टनांच्या घरात. एका भागातल्या तारा चढवल्या की साउंडबोर्डवरचा, म्हणजे तारांखालच्या आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीवरचा, दाब बदलतो आणि आधी लावलेल्या उतरतात, म्हणून आधी एक कच्चा हात फिरवायचा आणि मग पक्का. पाऊण तासात कच्चाच झाला असता. आणि नुकती चढवलेली तार स्टेजच्या दिव्यांच्या उष्णतेत कुठे जाऊन बसेल याची खात्री कुणीही देऊ नये.

मी सांगितलं, पियानो ४४० लाच राहील, आहे तो नीट लावतो, ऑर्केस्ट्राने पियानोवरून ए घ्यावा. मॅनेजरचं तोंड वाकडं झालं. बाकीच्या तारा गप्प करायला मी फेल्टची पट्टी तारांमध्ये सरकवली आणि मधल्या सप्तकापासून सुरू केलं. एका सुराच्या तीन तारांत जरा फरक असला तर आवाज डोलतो, तो डोल हळू हळू करत थांबवायचा, हे काम मला अजूनही आवडतं, घाईतसुद्धा. नुसतं सूर सापडणं पुरत नाही, तार गुंडाळलेली पियानोची पिन अशी बसवावी लागते की जोरात वाजवल्यावरही तार जागची हलणार नाही, मशीनवर बघून ट्यून करणारे नवीन लोक इथेच मार खातात. खालचा खर्ज मी जवळपास तसाच सोडला, तो बरा होता.

एरवी ऑर्केस्ट्राला सूर देणाऱ्या ओबोवाल्याने पियानोवरून सूर घेतला, कपाळाला आठ्या घालूनच. बासरीवाल्यांनी सूर उतरवायला नळी थोडी बाहेर ओढली. कार्यक्रम झाला.

नंतर पियानिस्टबाई स्वतःहून म्हणाल्या, "शेवटपर्यंत सूर टिकला, असं फार कमी ठिकाणी होतं." मॅनेजर शेजारीच उभा होता, एकदम माझी ओळख करून द्यायला लागला, "आम्ही यांनाच बोलावतो!"

पण गंमत अशी की मी वेळेवर पोचलो असतो तर पत्राप्रमाणे ४४२ केला असता. दोन तास पुरतील असं वाटून दोन्ही हात फिरवले असते आणि मग त्या दिव्यांखाली तो मध्यंतरापर्यंत तरी टिकला असता का? कधी वाटतं टिकला असता, माझा हात तेवढा पक्का आहे. कधी वाटतं बाईंनी जे कौतुक केलं त्यातलं निम्मं नकाशावरच्या त्या चुकीच्या पिनचं आहे. आयोजकांना हे अर्थातच सांगितलेलं नाही, त्यांना मी लेखी कळवलंय की पत्ता मागच्या दरवाजाचा द्या, आणि ट्यूनिंग आदल्या रात्री एकदा, सकाळी एकदा ठेवा. दुसऱ्या मुद्द्यावर उत्तर आलं, बजेट बघावं लागेल.