तुम्ही विचारलंत म्हणून : स्पॅनिश येत नसताना साल्साची एवढी ओढ का?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सविस्तर उत्तर द्यावं म्हटलं. प्रश्न साधारण असा असतो : तुम्ही पुण्यात वाढलात, स्पॅनिश तुम्हाला कळत नाही, साल्सा म्हणजे क्यूबाच्या तालांवरून न्यूयॉर्कमध्ये घडलेलं नाचाचं संगीत, आणि त्याच्या बहराचा काळ तुम्ही पाहिलेला नाही. मग त्या काळाबद्दल बोलताना तुमचा आवाज एवढा का बदलतो?

आधी भाषेचं सांगते. सप्टेंबर 1947 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये अमेरिकन ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या जॅझ बँडसोबत क्यूबातल्या हवानाहून आलेला चानो पोसो कोंगा, म्हणजे हातानं वाजवायचे उंच ढोल, वाजवायला उभा राहिला. गिलेस्पीला स्पॅनिश येत नव्हतं आणि पोसोचं इंग्रजी जेमतेम. पोसोला स्वरलिपीही वाचता येत नव्हती. कुणी काय वाजवायचं हे तो गुणगुणून सांगायचा. त्या गुणगुणण्यातून त्याच वर्षी 'मांतेका' ही रचना उभी राहिली आणि जॅझच्या तालाचा कणाच बदलला. पुढच्या वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका बारमध्ये पोसोचा खून झाला. गिलेस्पीसोबत त्याला जेमतेम सव्वा वर्ष मिळालं. हे वाचल्यापासून 'भाषा कळत नाही' ही अडचण मला अडचण वाटेनाशी झाली.

खरं तर पाया त्याआधीच घातला गेला होता. क्यूबन गायक माचितोचा न्यूयॉर्कमधला आफ्रो-क्यूबन्स हा बँड 1940 मधला. त्याचा मेहुणा मारियो बाउसा ट्रम्पेट वाजवायचा आणि बँडचं सारं संगीत सांभाळायचा. जॅझची ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं आणि क्यूबाची तालवाद्यं एकाच बँडमध्ये बसवायची, हा ध्यास त्याचाच.

पण मी ज्या काळासाठी झुरते तो सुरू होतो पॅलेडियम बॉलरूममध्ये. मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवे आणि 53 व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, पहिल्या मजल्यावर हा हॉल होता. 1950 च्या दशकात तिथे माचितो, तितो पुएन्ते आणि तितो रॉद्रिगेझ यांचे बँड वाजत. जाहिरातीत कुणाचं नाव वर, यावरून दोन तितोंमध्ये चुरस असायची. पोर्तोरिकन, क्यूबन, कृष्णवर्णीय, ज्यू, इटालियन असे सगळे एकाच फ्लोअरवर नाचत. बाकीच्या शहरात अजून वर्णभेदाच्या भिंती होत्या, तेव्हाची ही गोष्ट. जॅझचा बर्डलँड क्लब हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिकडचे वादक इकडे डोकावत. आणि तिथला खरा परीक्षक होता नाचणारा. बँड क्लावे चुकला की पावलं अडखळत, फ्लोअर रिकामा होई. क्लावे म्हणजे दोन मापांतले पाच ठोके, एकात तीन, दुसऱ्यात दोन. कित्येकदा तो कुणी वाजवतही नाही. पियानो, बेस, गायक, नाचणारे सगळे तो मनात धरून असतात. वाजवणारे आणि नाचणारे मिळून तोललेलं हे संगीत होतं. माझी ओढ आहे ती या नात्याची.

पॅलेडियमचा दारूचा परवाना गेला आणि 1966 मध्ये तो बंद पडला. त्याआधीच आणखी एक दार मिटलं होतं. 1961 मध्ये अमेरिका आणि क्यूबाचे राजनैतिक संबंध तुटले, मग व्यापारबंदी आली. हवानाहून येणारे नवे बँड, नव्या रेकॉर्ड थांबल्या. क्यूबन गायिका सेलिया क्रूझ 1960 मध्ये देश सोडून आली होती. 1962 मध्ये आई गेली तेव्हा तिला अंत्यदर्शनासाठीही परत जाऊ दिलं नाही. आता न्यूयॉर्कच्या पोरांना आपलं संगीत आपणच घडवायचं होतं.

आणि त्यांनी ते घडवलं. पियानोवादक एडी पाल्मिएरीनं 1961 मध्ये 'ला पेरफेक्ता' हा बँड काढला. त्यात ट्रम्पेटऐवजी दोन ट्रॉम्बोन समोर आणले, जाडेभरडे, डरकाळ्या फोडणारे. त्या आवाजात मला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातले रस्ते ऐकू येतात. 1964 मध्ये जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी फानिया रेकॉर्ड्स सुरू केली. ट्रॉम्बोनवादक विली कोलोनची पहिली रेकॉर्ड 1967 मध्ये आली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, आणि त्याच्यासाठी गाणारा हेक्तोर लावो पोर्तोरिकोतून येऊन काहीच वर्षं झाली होती. ब्राँक्समधल्या इमारती एकामागून एक जळत होत्या, त्याच वर्षांत हे गाणं तिथल्या खिडक्यांतून बाहेर पडत होतं. 24 ऑगस्ट 1973 रोजी फानिया ऑल स्टार्स, म्हणजे फानियाच्या नामवंत कलाकारांचा बँड, ब्राँक्समधल्या यांकी स्टेडियममध्ये वाजवायला उतरले. चाळीस हजारांवर लोक जमले होते. रे बारेत्तो आणि मोंगो सांतामारिया यांच्या कोंगांची जुगलबंदी सुरू झाली आणि लोक कठडे ओलांडून मैदानात घुसले. कार्यक्रम तिथेच थांबवावा लागला.

या काळाचं सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. पैशांवरून फानियाशी कलाकारांचे वाद झाले, गायक रुबेन ब्लेड्स तर कोर्टात गेला. लावो 1993 मध्ये हालात गेला.

ऐंशीच्या दशकात प्रेमगीतांचा मऊ साल्सा पुढे आला. गायक देखणा हवा, गाणं रेडिओच्या मापाचं हवं. माझी सगळ्यात मोठी तक्रार अशी की त्यात मोंतुनो आखडला. मोंतुनो म्हणजे गाण्याचा उत्तरार्ध, जिथे कोरस एकच ओळ धरून ठेवतो आणि गायक दर वेळी नवं काही टाकतो. भजनात बुवा आणि टाळकऱ्यांचं चालतं ना, तसंच. ते रंगायला वेळ लागतो. वेळच काढून घेतला, तर उरतं फक्त कडवं.

आणि हे संगीत आपल्याला परकं का वाटत नाही, याचं एक कारण मुंबईत आहे. तालवादक कावस लॉर्ड यांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बोंगो-कोंगा आणले. मराठमोळ्या सी. रामचंद्रांच्या सोबतीला गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होता. 1951 च्या 'अलबेला'त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. म्हणजे पॅलेडियम गाजत होतं तेव्हा त्या तालाचे नातेवाईक दादर-अंधेरीच्या स्टुडिओंत घुमत होते. आपल्या आजी-आजोबांच्या कानांवर ते पडलेले आहेत.

ऐकायला कुठून सुरुवात करू, हेही बरेच जण विचारतात. पाल्मिएरी ऑगस्ट 2025 मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेला. त्याच्या 1965 च्या 'आसूकार'पासून करा. आठ मिनिटांहून लांब आहे, पण मधेच थांबवू नका. मग ब्लेड्स आणि कोलोनचा 1978 चा 'सिएम्ब्रा' हा अख्खा अल्बम एका बैठकीत. त्यातलं 'पेद्रो नावाखा' सात मिनिटांचं आहे, एका गुंडाची गोष्ट सांगतं, आणि एवढं लांब असूनही सगळ्या लॅटिन अमेरिकेनं ते पाठ केलं. दुसऱ्यांदा ऐकताना गायकाला सोडून द्या, कान बेसवर ठेवा. बेस पहिल्या ठोक्यावर येणं टाळतो, आधीच सरकून जातो. ते एकदा पकडलंत की मला फोन करा, पुढच्या रेकॉर्ड मी देते.